बाजेचा चौथा पाय

प्रिय माधवी,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हा गुरुजींनी एवढंच शिकवलं होतं, की पत्राच्या वर प्रिय आणि खाली आपलं नाव, मधलं ज्याचं त्यानं बघायचं. तर मधलं बघते आहे. बसून लिहायला जमेना, म्हणून तांदळाच्या पिंपावर कागद ठेवून उभ्यानंच लिहिते. चार ओळी झाल्या की दारापर्यंत जाते, परत येते. तुझा बाप म्हणतो, आई, एका जागी बस की गं. त्याला म्हटलं, तू बस, तुला सवय आहे.

सोप्यात दोन माणसं बसलीत, तुझ्या खात्याची. एक दिल्लीचा, एक बेंगळूरचा. बूट उंबऱ्याच्या आत काढलेत, त्यावरनंच घाई कळली. चहा झाला, पोहे झाले. बेंगळूरचा दर थोड्या वेळानं आत डोकावून म्हणतो, "अज्जी, बेग बरीरी." म्हणजे लवकर लिहा. मी म्हणते, बाबा, अक्षर लावून लावून लिहिते, हात काय तुझ्या मशीनचा आहे? कशाला आलेत ते सांगते पुढं. आधी सांगितलं तर तू उरलेलं वाचणार नाहीस. लहानपणापास्नं तुझं तसंच.

तुझ्याकडं काय झालं ते आधी तुझ्या बापानं सांगितलं, मग टीव्हीवाल्यांनी, आणि सकाळपासून हे दोघं सांगताहेत. तिघांच्या गोंधळातनं मला कळलं ते असं. तू आभाळातलं जहाज घेऊन गेलीस ती दोन वस्त्यांचं भांडण मिटवायला. दोघींच्या मधे बर्फाचा डोंगर तरंगतोय, त्याचंच पाणी दोघी पितात आणि दोघी तो आपलाच म्हणतात. मधे रेघ आखलीय. बोलणी चालू असेतोवर कुठल्याही जहाजानं ती रेघ ओलांडायची नाही असं सह्या करून ठरलं, त्यात तुझीही सही. आणि ऐन बैठकीत तुझ्या जहाजातली नळी फुटली नि यंत्र सांभाळणाऱ्या दीपंकरच्या छातीत विषारी वाफ गेली. त्यावर इलाज करणारा दवाखाना रेघेपलीकडं. तू खुर्ची मागं सारलीस आणि जहाज पलीकडं नेलंस. बैठक मोडली. बरोबर का? चुकलं असेल तर आल्यावर सांग.

रेघ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आमची हयात रेघेवर गेली. हा मुलूख कुणाचा याची बोलणी माझा जन्मही झाला नव्हता तेव्हापास्नं चालू आहेत, अजून चालूच आहेत, आणि मी गेल्यावरही कुणीतरी फाईल काखेत मारून जाईलच. दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली, यावरनं दगड पडलेले बघितलेत मी. पण रेघेपलीकडं दिलेली लेक बाळंतपणाला अलीकडं येतेच, आणि निपाणीचं माणूस दुखण्यानं जास्त झालं की कोल्हापूरच्या दवाखान्यात जातंच. त्याला कुणी बोलणी मोडली म्हणत नाही. तुलाच तेवढं म्हणतात.

मलाही म्हणाले होते. "बांधही घालवला आणि गडीही घालवला" हे तू या घरात ऐकतच मोठी झालीस. दिवाळीला भाऊबंद जमले की कुणीतरी ते काढायचंच, आणि तू ताटावरनं मान वर करून माझ्याकडं बघायचीस. मी वाढत राहायचे. पुरी गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. बापानं अर्धी सांगितली, भाऊबंदांनी उलटी सांगितली. आता मी सांगते, मला कुणाची भीड नाही.

आपलं मार्कंडेय नदीच्या वळणातलं भाताचं रान तुला ठाऊक आहे. त्याला लागून मारुतीरावाचं, म्हणजे तुझ्या आजोबांच्या चुलतभावाचं. मधल्या बांधावर जांभळीचं झाड. बांध कुणाचा, झाड कुणाचं, यात तुझे आजोबा भांडत भांडत वर गेले, आणि भांडण माझ्या पदरात टाकून गेले. शेवटी पंच बसवले, तिथंच जांभळीखाली. दोन्ही घरांनी बेलभंडार उचलला. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ, की पंच उठेपर्यंत कुणीही बांध ओलांडून पलीकडं पाय ठेवणार नाही. जो ठेवील त्याचा दावा सुटला, आणि वर देवाशी खोटं बोलल्याचं पाप. मी उचलला. कपाळाला लावला. माझी बाजू भक्कम होती गं, कागद माझ्याकडनं होते. पंचही माझ्याकडं झुकलेले. अजून थोडा वेळ गेला असता तर झाड आणि बांधालगतची पट्टी आज आपली असती.

भरमू त्या वेळी खालच्या वाफ्यात पॉवर टिलर चालवत होता. रोप लावायचे दिवस होते, चिखल गुडघाभर. भरमू आपला गडी, लोंढ्याकडचा. मागं पुढं कुणी नाही, आलता तेव्हा मिसरूड नव्हतं, आमच्यातच राहिला. टिलर उलटला आणि तो खाली सापडला. ओरडलासुद्धा नाही, यंत्राचा आवाज बदलला तेव्हा आम्हाला कळलं. ओढून काढला तर पोट फुगत चाललेलं. आपल्या बाजूची गाडीवाट नदीच्या पाण्याखाली. डांबरी सडकेला जायचं तर एकच रस्ता, मारुतीरावाच्या रानातनं. एकशेआठची गाडी तिथंवर येत होती, पुढं येणार नव्हती.

आणि पंच म्हणाले, जरा थांबा. विचार करू. माधे, त्या सकाळी त्याच पंचांनी बोलणी तीनदा थांबवली होती. एकदा चहासाठी. एकदा कुणाला तरी डेअरीतनं फोन आला म्हणून. एकदा मारुतीरावाच्या मेव्हण्याला तंबाखू हवी होती म्हणून. भरमूसाठी मात्र बोलणी थांबेनात, म्हणे ठराव अर्धवट राहील. मी उठले. खोपीतली बाज ओढली. एक पाय मी धरला, एक तुझ्या बापानं, तेव्हा तो कॉलेजात होता, आणि एक यल्लव्वानं, ती रोप लावायला आलती. चौथा पाय मोकळा. पंच उभे राहून बघताहेत. मी तशीच बाज उचलली, ती कलंडली, आणि मी बांधावर पाय टाकला. मारुतीराव ओरडला, "वहिनी, पाय टाकू नगा! दावा सुटंल!" मी म्हटलं, सुटू दे.

आता ऐक, ही तुला कुणी सांगितली नसेल ती अर्धी गोष्ट. बाजेचा चौथा पाय मारुतीरावानं धरला. शिव्या देत धरला. माझ्या माहेराला, तुझ्या आजोबांना, भरमूला, सगळ्यांना शिव्या. स्वतःच्या नुकत्या लावलेल्या रोपावरनं आमच्या पुढं चालला, सडकेपर्यंत. गाडीत भरमूला चढवताना त्याचं डोकं यानंच सांभाळलं. आणि दुसऱ्या दिवशी पंचांपुढं जाऊन झाडासकट पट्टी मागितली, आणि घेतली. लोक मला विचारायचे, मग तो चांगला का वाईट? मला नाही माहीत. दोन्ही त्यानंच केलं. तुझ्या त्या पलीकडच्या वस्तीनं दीपंकरला दवाखान्यात घेतलं आणि त्याच दिवशी तुझ्याविरुद्ध तक्रार केली, हे ऐकून दिल्लीवाला चक्रावलाय. मला नवल वाटलं नाही.

थांब, बेंगळूरचा परत डोकावला. त्याला म्हटलं, भात शिजतोय, जेवूनच जायचं. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होतास.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आत सगळं फाटलंय, फार काही होणार नाही. संध्याकाळी पंचांचा निरोप आला. मारुतीराव आणि मी, दोघांनी मिळून मानलं तर अजून जमतं म्हणाले. मी परत जांभळीखाली यायचं, भंडारा लावून चूक कबूल करायची, मग पट्टी अर्धी अर्धी करू. गडी तसाही वाचत नाही, तिथं बसून काय करणार? तुझा बाप मला म्हणाला, आई, खरंय की. तो रडत होता, त्याला मी बोल लावत नाही. पट्टी त्याच्याच वाट्याची होती. पण मी गेले नाही. कॉटजवळच्या स्टुलावर बसून राहिले. बसून म्हणजे काय, तू ओळखतेस मला. बसायची, उठायची, खिडकीपर्यंत जायची. नर्स म्हणाली, मावशी, तुम्हालाच इंजेक्शन द्यावं लागंल.

भरमू एकदाच शुद्धीवर आला. आणि काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण भाऊबंद आणखी हसले असते. सिनेमात असतं तसं काही नाही झालं. त्यानं मला बघितलं आणि भडकला. "आक्का, पंच उठलं? न्हाय? मग हितं काय करताय? बांध सोडून आलासा?" एवढ्याशा आवाजात शिव्या घातल्या त्यानं मला. म्हणाला, "जन्मभर त्या बांधाचं गवत कापलं मी, आणि तुमी सोडून आलासा." मी म्हटलं, व्हय, आले. मग म्हणाला, "लई येडी बाई हाय ही," ते भिंतीकडं बघून, जणू तिथं कुणी तिसरं बसलंय. मग गेला. माझ्यावर रागावूनच गेला.

मी त्याचा लई विचार केला. भात निवडताना केला, बाजाराला जाताना केला. आणि मला वाटतं ते बरं झालं. त्या माणसाला जगात रागवायला कुणी नव्हतं. बायको नाही, भाऊ नाही, पोर नाही. मरताना ज्याच्यावर हक्कानं तापावं असं एक माणूस तरी समोर पाहिजे की नको? रिकाम्या स्टुलावर कोण रागावणार? पट्टीबद्दल म्हणशील, तर जांभळं अजून येतात. मारुतीरावाची सून दरवर्षी पाटीभर पाठवते, आणि दरवर्षी वरची चांगली, खालची किडकी असतात.

आता या दोघांचं. ते खोटं बोलत नाहीत, हे मी आधी लिहिते. दोन्ही वस्त्या परत बसायला तयार झाल्यात, पण मधे तूच पाहिजेस म्हणतात, दुसरं कुणी नको. अट अशी. तू आधी चूक कबूल करायची, जहाज रेघेच्या अलीकडं आणायचं, आणि दीपंकरला तिथंच ठेवून यायचं. डॉक्टर म्हणतात तो वाचत नाही, आता फक्त वाट बघायची. आणि तू त्याच्या खाटेजवळनं हलत नाहीस, कुणाचा फोन घेत नाहीस. तिथल्या पाण्यावर हजारो माणसं आहेत, लेकरं आहेत, तेही मी ऐकलं. मी दिल्लीवाल्याला विचारलं, पाणी आज बंद झालंय का? म्हणाला, नाही, साठा आहे. मग त्यांची बैठक परवा बसली तर? म्हणाला, परवा बसणं परवडणारं नाही. कुणाला, म्हटलं, तर त्यानं रिकामा कप उचलून ओठाला लावला.

दीपंकर आपल्याकडं जेवायला आलता, जायच्या आधी, आठवतं? कपाळावरनं घाम पुसत तिखट आमटी ओरपली आणि म्हणाला, "आजी, तुमची नात जहाज चालवते असं तिला वाटतं. चालू मी ठेवतो." तू त्याला भाकरी फेकून मारलीस. त्याला शुद्ध आली तर तो तुला सोडणार नाही. बैठक मोडून आलीस म्हणून तुझी खरडपट्टी काढील. काढू दे. रडायचं नाही, सारवासारव करायची नाही, मी कशी शूर असलं तर मुळीच सांगायचं नाही. व्हय, आले, एवढंच म्हणायचं. मग जा तुझ्या बैठकीला, आणि तिथं जी काय माफी मागायची ती ताठ मानेनं माग. सही मोडलीस ती मोडलीसच. मीही भंडारा मोडला, त्याचं मी देवापुढं काही झाकलं नाही.

हे दोघं एक टाईप केलेला कागद घेऊन आलेत. त्यावर लिहिलंय, पोरी, माघारी फीर, तुझ्या आजीची आण आहे. तेवढं मी माझ्या अक्षरात उतरवून द्यायचं, त्याचा फोटो काढून ते तुला पाठवणार. माझं म्हणणं तू ऐकतेस असं त्यांना तुझ्या बापानं सांगितलंय, कधी ऐकलंस देव जाणे. मी त्यांना म्हटलं, लिहिते, आणि हे लिहिलं. दिल्लीवाल्याला मराठी अडखळत का होईना वाचता येतं. वाचू दे, पाठवायचं नसेल तर न पाठवू दे, तुझा बाप उद्या दुसऱ्या वाटेनं पाठवील. त्याला मी दाखवलंय. त्यानं वाचलं आणि स्वतः उठून त्या दोघांचे बूट उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवले. आणि मी हे का लिहिलं ते ऐक. काल निपाणीहून फोन आलता, दीपंकरच्या आईचा, उपासनाबाईंचा. शाळेच्या हेडबाई आहेत, आवाज एकदम सरळ, पोरगं वाचव म्हणाल्या नाहीत, बैठकीचं विचारलं नाही. एकच विचारलं, "तुमची नात अजून त्याच्याजवळ आहे ना?" मी व्हय म्हटलं. त्यांनी परत तेच विचारलं. मी परत व्हय म्हटलं. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच आजी,
जयाबाई