तुरीच्या राशीतली बाई

बंगळूर, ६ डिसेंबर २०२५

ती. शैलअक्कास, सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या मावशी, सगळ्याला व्हय व्हय म्हणतात आणि विसरतात. पत्र मात्र दोनदा वाचून घेतात, म्हणून लिहिते.

मी दिवसभर काय करते, असं मावशींनी विचारलं होतं. आमच्या कंपनीच्या ट्रकला कॅमेरा आणि रडार असतं; समोर माणूस दिसलं की तो स्वतः ब्रेक लावतो. ते तपासायला खरी माणसं उभी करता येत नाहीत. म्हणून आम्ही संगणकात रस्ता, ऊन, धूळ उभी करतो आणि त्यात ट्रक पळवतो. तिथे कुणी मरत नाही.

सध्या मी त्यात तुमच्या मुडबीचा रस्ता बांधते आहे. वळण, चिंचा, डांबरावर पसरलेली तूर झाली. आता मावशी हव्यात. त्या राशीत कशा बसतात, अंगावर काय असतं, ते कळव. मुलांना पापा.

तुझी माया आहे तशीच राहो.
विजयश्री


मुडबी, १४ डिसेंबर

चि. विजूस अनेक आशीर्वाद.

रोजच्या गाड्यांनी तूर मळून निघते, तेव्हा तुझ्या मावशी, आमच्या आत्याबाई, रस्त्याच्या कडेला राशीतच बसतात. हिरवं लुगडं, डोक्यावरून उन्हासाठी पोतं. रस्ता रुंद झाला त्यात आपलं खळं गेलं, दुसरी जागा नाही. नुसती रास दिसली तर गाडीवाले जोरात नेतात, दाणा उडतो. माणूस दिसलं की हळू होतात. म्हणून कुणीतरी बसावंच लागतं.

आत्याबाई विचारायल्यात, फोटोत बोरमाळ येणार का? तुझ्या लग्नाचंही विचारत होत्या, ते मी गाळते.

आठवण ठेव.
तुझी अक्का


बंगळूर, २ जानेवारी २०२६

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

मावशींना तू लिहिलंस तसंच बसवलं. ट्रक थांबला नाही. पुन्हा चालवला, उजेड बदलला, वेग कमी केला, थांबला नाही. पोतं घेऊन बसलेली बाई आणि भोवतीच्या तुराट्या यांत त्याला फरक कळत नाही. नजर तीक्ष्ण केली तर तो रिकाम्या राशीलाही गचकन थांबतो आणि मागची गाडी आदळते.

हे मी साहेबांना दाखवलं. रस्त्यावर पीक घालणं नियमात नाही, तेव्हा ते तपासायचं नाही, असं ते म्हणाले. तूर आणि मावशी मलाच पुसायला लावल्या. मोकळ्या रस्त्यावर ट्रक पास झाला.

रस्ता मात्र त्यांना आवडला. खऱ्या ट्रकची चाचणी तिथेच, मुडबीवरून, १४ तारखेला आहे. मी तो बांधला नसता तर त्यांना माहीतही नसता. लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की आत ड्रायव्हर असतोच. पण त्याने ब्रेकला पाय लावायचा नाही, हीच चाचणी आहे. मी सोबत जाऊ का विचारलं, नको म्हणाले.

मावशींना त्या दिवशी घरी ठेव. पांढरा ट्रक, टपावर कॅमेरा. हे त्यांना नीट वाचून दाखव.

विजयश्री


मुडबी, १२ जानेवारी

चि. विजूस अनेक आशीर्वाद.

दोनदा वाचून दाखवलं. परवा फोनवर तूही ओरडून सांगितलंस, तेव्हा त्या व्हय व्हय म्हणाल्या. आत्याबाईंनी त्यातलं एकच धरलंय की विजूच्या ट्रकनं त्यांना पाहिलंय. सगळ्या गल्लीला सांगून झालं.

नंतर तुम्हाला त्यातून पुसून टाकलं, असं मी म्हटलं. तर म्हणाल्या, एकदा बघितलेलं माणूस कोण विसरतंय?

पंचायतीत गेले. ते म्हणाले रास उचला. उचलून कुठं ठेवू? आत्याबाईंना घरात कोंडलं तर मला बसावं लागेल. तेही त्यांना चालत नाही. म्हणतात, त्यो तुला वळखत न्हाई.

१४ तारखेसाठी हिरवं लुगडं धुऊन ठेवलंय. निदान पोतं तरी घेऊ नका म्हणून पाया पडले. त्या हसल्या. पोतं नसलं तर ट्रक वळखंल कसा, म्हणाल्या.

तुझी माया आमच्यावर आहेच. तुझ्या ट्रकचीही असू दे.
शैलअक्का