हात सोडले तरी चालेल

१२ मे, मंगळवार

पुन्हा वाजलं ते यंत्र! दुसऱ्यांदा!

पहाटे वाफ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते, तेव्हा यांचा फोन आला. रोजच येतो. पोलंडला निघाले तेव्हा मी अटच घातली होती – दिवसाचा पहिला आवाज तुमचाच पाहिजे. आज तो आवाज पार उतरलेला.

यांच्या ट्रकात एक कॅमेरा आहे. तो रस्त्याकडे नाही, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघतो! नजर हटली की कोकलतो आणि मालकाकडे नोंद जाते. तिसरी नोंद झाली की जूनअखेर करार वाढणार नाही. म्हणजे परत या.

"काय करून राह्यले होते तुमी?" मी विचारलं.

"अवं, हात जोडले. इकडं रस्त्यानं क्रूस राह्यतात, आपल्या देवळांसारखे. देव तो देव, निता. तसाच कसा पुढं जाऊ मी?"

हसावं की रडावं! मानोऱ्यात काळी-पिवळी चालवायचे तेव्हाही हेच. पोहरादेवीचा फाटा आला की हात छातीला, मग कपाळाला, डोळे मिटलेले. आणि मागच्या सीटवर मी जीव मुठीत धरून.

१४ मे, गुरुवार

सासूबाईंना सांगितलं. भडकल्याच. "मशीनले देवाचं काय समजते? माहा पोरगा हात जोडून राह्यला, चोरी नाई करून राह्यला!"

खरं आहे. पण हे पोलंडच्या मालकाला कोण सांगणार?

२१ मे, गुरुवार

दुपारभर मोबाइलवर तिकडच्या बातम्या वाचल्या. युरोपात नुसता वाद पेटलाय. आता अशा गाड्या येतायत की स्टीअरिंग गाडीच सांभाळते. त्यांना मंजुरी द्यायची की नाही? एक देश म्हणतो द्या, दुसरा म्हणतो अजून तपासा. नियम काय तर हात सोडले तरी चालेल, नजर सोडायची नाही! कोणी म्हणतं, हातांना काम नसलं की माणूस पेंगणारच. कोणी म्हणतं, माणसापेक्षा यंत्र बरं, ते दारू पीत नाही. आणि कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते मालकाला का दाखवायचं, यावर तर हमरीतुमरी.

यांचा मालक याच मंजुरीची वाट बघतोय. आली की सगळे ट्रक तसलेच घेणार म्हणे. आज डोळ्यांवर पहारा आहे, उद्या ड्रायव्हरच नको म्हणतील!

संध्याकाळी पोहरादेवीला नारळ कबूल केला – मंजुरी मिळू देऊ नकोस, आई. कुठे युरोपचा कायदा आणि कुठे आमचा नारळ! माझं मलाच हसू आलं. पण कबूल केला तो केलाच.

३ जून, बुधवार

आज यांना शपथच घातली. क्रूस दिसला तर मनातल्या मनात नमस्कार करा. हात नाही, मान नाही, डोळे तर मुळीच नाही. देव रागावला तर मी बघून घेईन.

"बरं," म्हणाले. बोलता बोलता दोनदा जांभई. मी म्हटलं, "माह्या बोलण्याचा कंटाळा आला का?" "नाई वं," म्हणाले, आणि पुन्हा जांभई. मला रागच आला. दिवसभर मिरच्या तोडताना तोच राग चघळला.

१० जून, बुधवार

एकदाही वाजलं नाही. शपथ लागू पडली!

१४ जून, रविवार



ट्रक आपोआप थांबला! संकटात थांबण्यापुरती सोय या ट्रकातही आहे म्हणे. चालत्या हायवेवर यंत्र कोकललं, यांनी दाद दिली नाही, तर गाडीनं स्वतःच वेग उतरवला, दिवे लुकलुकवले आणि कडेला जाऊन उभी राहिली. यांना खरचटलंसुद्धा नाही. पण तिसरी नोंद झाली. सगळं संपलं!

"शपथ मोडली ना तुमी?" मी ओरडलेच.

"मोठा क्रूस होता, निता. राह्यवलं नाई."

मी फोन आपटला. सासूबाई यंत्राला शिव्या देत बसल्या. मीही दिल्या.

१६ जून, मंगळवार

राजपालभाऊंचा फोन आला. आपल्याकडच्या मालेगावचे, तिकडे पोलंडला यांच्याच खोलीत राहतात.

"वहिनी, राग नोका मानू. हायवेवर कायचा क्रूस? झोप लागली होती त्याले. पुढं भरलेला टँकर होता. गाडी थांबली नसती तर तुमाले दुसराच फोन करा लागला असता मले."

तरी मी विचारलंच.

"पण झोप काहून लागून राह्यली? रात्री झोपत नाई का ते?"

"झोपते ना. पण तुमची पहाट म्हंजे इथं रात्रीचा एक. अलार्म लावून उठते, तुमाले फोन करते. मंग डोयाले डोया लागत नाई. तीनले गाडी काढा लागते. सांगू नोको म्हणे निताले, तिले वाईट वाटीन."

सव्वा वर्ष झालं. तिकडे किती वाजले असतील, हे एकदाही मनात आलं नाही. माझी पहाट ती सगळ्या जगाची पहाट! त्यांची जांभई ऐकून मी रुसले. त्या यंत्राला जे दिसलं ते मला दिसलं नाही.

करार वाढो न वाढो. यांना निरोप पाठवला – पहाटे फोन करायचा नाही, झोपायचं.

नारळ मात्र फोडला. कबूल केला होता यंत्र अडव म्हणून, फोडला त्याच यंत्राचे आभार मानून.

१७ जून, बुधवार

पहाटे फोन वाजला. यांचाच. वाफ्यात उभी राहिले आणि वाजू दिला.