मीटरभर गाळ

४ नोव्हेंबर २०२४
आज पुन्हा गाळ! अरबी समुद्राच्या तळातून लांब नळीत उभा काढलेला. चाळणीत धुवायचा, वाळवायचा, मग ओल्या कुंचल्यानं खसखशीएवढे शंख वेचायचे. कालिंदीची पीएचडी. मी एकाची कॉलर धरली अन् कॉलेज सोडलं — पण तिनं विचारलं अन् आलो. गाळासाठी आलोय का मी!

१० नोव्हेंबर
शंखांवरून काढलेला आलेख आला — समुद्रात कधी किती प्राणवायू होता त्याचा. सगळे म्हणतात, पूर्वी अटलांटिकचा खोल प्रवाह मंदावला की आपला पाऊस कमजोर व्हायचा. मग समुद्रात वर जीव कमी, खाली कुजणं कमी — म्हणून अरबी समुद्राच्या खालच्या गुदमरलेल्या पाण्यात प्राणवायू वाढायचा. हिच्या गाळात नेमकं उलटं! तिचे श्रीनिवास सर म्हणाले, हे घेऊन जर्मनीला जा. तीन वर्षं.
मी हसलो. मग गुलमंडीत रिक्षावाल्याशी उगाच भांडलो.

१३ नोव्हेंबर
पिशोरला घरी. आण्णा विहीर खोल करतायत. काठावर ढिगारा — सगळ्यात खालचा मुरूम सगळ्यात वर. बघता बघता लॅबमधला ट्रे आठवला.
नळीतला गाळ मीच कापला होता. आधी वरचा निघाला, मग खालचा. ट्रेमध्ये एकावर एक रचला — अन् नंबर वरून टाकले. म्हणजे तळ झाला एक नंबर! सगळा मीटर उलटा.

१४ नोव्हेंबर
सांगितलं तर तिचं जाणं रद्द. मला हेच तर पाहिजे! मग जीभ का उचलत नाय?

१५ नोव्हेंबर
सांगितलं. तिनं कुंचला पुसून ठेवला. मग म्हणाली, "बद्री, मी जाऊ नये म्हणून तू कुणाचं डोकं फोडशील, हे माहीत होतं. इतकं खोटं बोलशील असं नव्हतं वाटलं."
"व्हय, जाऊ नये वाटतंय. लई वाटतंय. पण गाळ उलटाच आहे."
"जा तू."
जाताना दाराला लाथ घातली. अंगठा सुजलाय.

१८ नोव्हेंबर
वेरूळला जाऊन आलो. काय बघितलं, आठवत नाय.

२३ नोव्हेंबर
तिची लॅबमधली मैत्रीण उमा भेटली, तिनं सांगितलं. नळी उभी चिरून जपून ठेवलेला दुसरा अर्धा गाळ कालिंदीनं काढून स्वतः कापला, स्वतः मोजला. प्रवाह मंदावला तेव्हा समुद्रानं श्वासच घेतला होता, सगळे म्हणतात तसाच. जर्मनी रद्द.
कालिंदी सरांना म्हणाली, नंबर माझ्याकडूनच चुकले.
माझं नाव घेतलं नाय.