बंटीला शिकवताना

६ जानेवारी २०२५

ज्याला कुणाला चावायचंच नाही, त्याला राखणीला का ठेवायचं?

बागमालक रविराजदादांनी द्राक्षबागेसाठी ग्रेट डेन कुत्रा आणलाय. दीड वर्षाचा, डोकं माझ्या कमरेच्या वर, नाव बंटी! माणूस दिसला की जवळ जातो आणि सगळा भार टाकून अंगावर रेलतो. दादा माझ्या वडलांना, आप्पांना म्हणाले, "पुंजा, हा तर चोराला पाणी विचारील! महिन्यात सुधारला नाही तर मालेगावच्या माणसाला देऊन टाकतो. तो उपाशी बांधून तिखट करतो कुत्री."

"मी शिकवते," मी म्हटलं.

आप्पा लगेच, "बीएस्सी झालीय दादा. करील ती." घरातली पहिली पदवी — राखणदार आप्पा ती गळ्यात घालूनच फिरतात!

९ जानेवारी

मोबाईलवर खूप वाचलं. खाणं तीनदा, थोडं थोडं. खाल्ल्यावर तासभर पळवायचं नाही, पोटाला पीळ पडतो. कडक फरशीवर कोपरांना घट्टे पडतात, म्हणून पोत्यात पाचट भरून गादी केली. केस आखूड, त्यात निफाडची थंडी! जुन्या गोधडीचा अंगरखा शिवला. आई म्हणाली, "मला नाय कधी शिवलास!"

१२ जानेवारी

'बस' म्हटलं की बसतो! ओरडलं तर मान खाली घालून दुसरीकडे बघतो, दिवसभर बिथरलेला राहतो. हळूच सांगायचं, आणि जमलं की लगेच तोंडात एक मणी — निर्यातीतून बाद झालेल्या द्राक्षांचा. भारी आवडतात.

त्याला भुंकायला शिकवीन. चावायला नाही.

१३ जानेवारी

आज मंगळूमामांवर रेलला. सुरगाण्याहून काढणीला आलेले मामा क्रेटसकट आडवे! उठता उठता ओरडले, "ह्या घोड्याला येक दिस औषधच घालतो!" सगळे हसले. मामाही.

१७ जानेवारी

भुंकला! गेटवर अनोळखी टेम्पो. तीनदा भुंकला, मग माझ्याकडे बघितलं. दादांनी टाळ्या वाजवल्या. मी खुशीत ओंजळभर मणी दिले.

१८ जानेवारी

सकाळपासून उलट्या. उठवत नाही त्याला. दादांच्या पिकअपमधून नाशिकला नेलं. द्वारका चौकात अर्धा तास अडकलो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर.

डॉक्टरांनी मला विचारलं, "द्राक्षं खाल्ली का यानं?"

"हो."

"विष असतं ते कुत्र्यांना. मूत्रपिंडं निकामी होतात." सलाईन लावलंय. लघवी होत नाही.

बाहेर दादा फोनवर — "त्या मंगळूनंच घातलंय! सगळ्यांसमोर बोलला होता. आत्ताच्या आत्ता गावी धाड त्याला."

मी ऐकलं. आत बंटीजवळ जाऊन बसले.

खाणं वाचलं, थंडी वाचली, कोपरं वाचली. काय द्यायचं नाही, ते वाचलंच नाही! बागेत सगळेच खातात ना द्राक्षं.

२० जानेवारी

लघवी झाली!!

२१ जानेवारी

बंटी वाचला. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या.

आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, "गप ऱ्हा. कुत्रं जगलं ना? मंगळूला दुसरीकडं काम भेटल. तू बोललीस तर दादा तुला बंटीला हात लावू देईल का? धाडील मालेगावला."

आप्पांचं खरं आहे. म्हणूनच मला झोप येत नाही.

मामांनी त्याला शिवीसुद्धा हसत दिली होती.

२३ जानेवारी

काल दादांना सांगितलं, सगळ्या मजुरांसमोर — द्राक्षं मी दिली. आप्पा उठून गेले. दादा एवढंच म्हणाले, "आधी मंगळूला आण. मग बंटीचं बघू."

हे सुरगाण्याहून परतीच्या एसटीत लिहितेय. शेजारी मंगळूमामा बसलेत. तोंड खिडकीकडे वळवलेलं. पण आलेत.