मुकादमासाठी साडेचार फूट

४ फेब्रुवारी, सकाळी ७
संकल्प: मुकादमासाठी नवी, मोठी पेटी. पंधरा दिवसांत. मुकादम म्हणजे आमचं कासव. नाव हिनं ठेवलं, कारण तो दिवसभर घरभर फिरून कोण काम करतंय आणि कोण लोळतंय ते बघायचा. ही जाऊन आठ महिने झाले. सध्या त्याचा मुक्काम फळांच्या खोक्यात. वळायचं तर बिचाऱ्याला रिव्हर्स घ्यावा लागतो.
जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलंय, हिंडायला जागा आणि रोज ऊन मिळालं नाही तर कवच मऊ पडेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. मी म्हटलं, निर्धास्त राहा, मापं मी स्वतः घेणार. एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. मला लांबून बघून दुकानदार तराजू पुसायला लागायचे.

५ फेब्रुवारी
माझी स्टीलची टेप हिच्या शिवणाच्या खोलीत. ती खोली बंद आहे. उघडायला काहीच हरकत नाही, फक्त वेळ नाही. हिची कापडी टेप हॉलमधल्या खुंटीवर असते. त्याच टेपनं मोजलं.
मुकादम: ११ इंच! ही असताना डॉक्टरांच्या कार्डावर साडेसात. आठ महिन्यांत साडेतीन इंच, तेही एकट्या माणसाच्या हाताखाली. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, कासव इतकं भराभर वाढत नाही. मी म्हटलं, काळजी घेतली की वाढतं.
माप घेताना हिला पुटपुटायची सवय होती. दर वेळी 'वजा तीन'. शिवणकामातलं काहीतरी असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी ४
बंद खोलीच्या बाजूनं टक, टक. थांबून थांबून. ही बरोबर चारला मशीनवर बसायची.
पाइप असणार. ऊन तापलं की पाइप वाजतात. टीव्हीचा आवाज वाढवला.

९ फेब्रुवारी, दुपारी ४
पुन्हा टक, टक. खोकं कलंडलेलं, आत मुकादमही नाही, कुठे गेला कोण जाणे. उठून बघायला गेलो नाही. भीती वगैरे नाही, गुडघा दुखतोय.

१० फेब्रुवारी
हॉलमधला कोपरा, शोकेसपासून भिंतीपर्यंत: ५४ इंच. आकडा वाचताना कानात स्पष्ट ऐकू आलं, 'वजा तीन'. हिचाच आवाज. मागे वळलो. कोणी नाही. कान साफ करून घ्यायला हवेत.
सुताराला साडेचार फुटांची ऑर्डर दिली. तो म्हणाला, साहेब, एकदा जागा बघून जातो. मी म्हटलं, मापं माझी आहेत, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यानं मुकाट आकडा लिहून घेतला. दबदबा अजून आहे.

१४ फेब्रुवारी
लेकीचा फोन. म्हणे, हॉलमध्ये ऊन कुठे येतं, आईची खोली द्या ना त्याला. मी म्हटलं, तिथे सामान आहे. ती म्हणाली, कसलं सामान? फोन कट झाला. म्हणजे मी केला.
मशीनच्या सुईखाली माझा शर्ट आहे. एक बाही लागलेली, एक राहिलेली. तो तसाच असू दे.
हल्ली चारच्या सुमारास फिरायला जातो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चालणं तब्येतीला बरं, एवढंच.

१७ फेब्रुवारी
मुकादमाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या पट्टीवर तो ८ इंच भरला. पट्टी सदोष आहे. खात्याला लेखी कळवावं का, असा विचार चालू आहे.
डॉक्टरांनी माझं बोट धरून कवचाच्या कडेवर दाबलं. कड किंचित आत गेली. म्हणाले, आता दिवस घालवू नका. येताना पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. हिच्या हातची हीच एक जिवंत गोष्ट घरात उरली आहे. तिलाही मी घालवणार की काय?

२० फेब्रुवारी
पेटी आली. देखणी आहे. कोपऱ्यात बसत नाही, तीन इंच जास्त होते. भिंत सरकली असावी, जुनी बांधकामं खचतात. तूर्त पेटी हॉलच्या मधोमध. स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यावरून ढांग टाकावी लागते. व्यायाम होतो.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
सुतार दुपारी तीननंतर आला. कोपरा मोजला: ५१. माझ्या हातातली कापडी टेप मागून घेतली, स्वतःच्या टेपला लावली आणि हळूच म्हणाला, साहेब, या टेपचे पहिले तीन इंच कुठायत?
टेप तीनपासून सुरू होते. नीट कापलेली आहे, कात्रीनं. एकतीस वर्षं निरीक्षक.
मी काहीतरी बोलणार तेवढ्यात चार वाजले आणि टक, टक. सुतारालाही ऐकू आलं. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. तो उठून बघायला गेला, मी त्याच्या मागे. मुकादम बंद दारावर कवच आपटत होता. थांबायचा, पुन्हा आपटायचा. सुतार म्हणाला, उघडा की साहेब, त्याला आत जायचंय.
उघडलं.
आत सगळीकडे ऊन. मुकादम सरळ मशीनखाली गेला आणि पायडलवर चढून बसला. हिचे पाय असायचे तिथे. सुतारासमोर रडलो. त्यानं बिचाऱ्यानं खिडकी पुसायला घेतली.
पेटी खिडकीखाली अलगद बसली. मशीन हलवावं लागलं नाही. शर्टही.

२२ फेब्रुवारी, सकाळी
मशीनच्या खणात हिची वही सापडली. पहिल्या पानावर हिचं अक्षर, 'आज मुकादम आला. एवढा आहे.' खाली आकडा नाही. टेपचा तुकडा डकवलेला, शून्य ते तीन.
म्हणजे त्याला मोजून तेवढी टेपच कापली, आणि मग जन्मभर वजा तीन करत बसली. विचारलं असतं तर सांगितलं असतं.
हिशेब नव्याने केला. आला तेव्हा तीन, आज आठ. वाढला पाच इंच. त्यातले साडेचार हिचे. माझा अर्धा.
वहीत खाली लिहून ठेवलं.