घरचे आकडे

जानेफळ,
दि. १२ मार्च १९६१

ती. दादास,
सिंधूचा सप्रेम जयभीम. इकडे बाबा व मी खुशाल आहोत. बाबांचा खोकला ऊन पडल्यावर आपोआप गेला. तू पलटणीत जपून राहा आणि वेळेवर जेवत जा.

पत्र मिळालं. मामांनी आणलेल्या अमडापूरच्या स्थळाबद्दल तू विचारलंस, त्याचं उत्तर देतेच, पण आधी कोंबड्या! तुझ्या कोरियातल्या दोस्ताला, युनला, तू दिल्लीहून कोंबड्यांसकट आमच्याकडे पाठवलंस, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. आता तेच गाव सकाळी अंड्यांसाठी आपल्या दारात उभं असतं. बाबा युनला युनाजी म्हणतात आणि तोही 'जी' म्हणून ताठ उभा राहतो, जशी काही अजून हजेरी चालली आहे.

आणि दादा, ऐक, मला कोरियन आकडे येतात! दोन्ही येतात! हो, त्यांच्याकडे दोन आहेत. एक घरचे: हाना, तुल, सेत, म्हणजे एक, दोन, तीन. दुसरे पूर्वी चीनमधून आलेले, ते बाहेरचे: इल, इ, साम. कुठे कोणते घ्यायचे यातच सगळी गंमत. अंडी घरच्या आकड्यांत, रुपये बाहेरच्या. माणसं घरच्या, तारीख बाहेरच्या. घड्याळाची तर कमालच, तास घरचा आणि मिनिटं बाहेरची! सुरुवातीला मी असा काही गोंधळ घातला की तो पोट धरून हसायचा. मग एक दिवस खळ्यात बाबा ज्वारी मोजत होते. पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ', मग दोन, तीन. युन उडालाच. "सिंधू, तुमचं पण दोन हाय!" आता हसायची पाळी माझी.

वयही घरच्याच आकड्यांत सांगतात. त्यानं विचारलं, मी सांगितलं. सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं वय गावात सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण मला विचारणारा तोच पहिला.

कोरियात युद्धकैद्यांच्या त्या तारेच्या कुंपणापाशी तू पहाऱ्यावर होतास, तुला ठाऊकच आहे. तिथे त्याला नंबरानं हाक मारत, आणि तो नंबर बाहेरच्या आकड्यांत. उत्तरेत नको, दक्षिणेत नको, म्हणून तुमच्या बोटीनं तो इकडे आला. म्हणाला, "तेव्हापासून मला कोणी घरच्या आकड्यात मोजलं नाही." हे सांगताना तो खुराड्याची जाळी बांधत होता, आणि ती गाठ त्याला काही केल्या जमेना.

त्याच्याबरोबर आलेले सोबती ब्राझीलला गेले. ते त्याला बोलावतात. पुढच्या महिन्यात बोट आहे.

परवा बाबा मला म्हणाले, "सिंधे, आजकाल त्याले भाऊ म्हनत नाहीस. काऊन वं?" मी भाकरी थापत राहिले. तव्यावरची करपली. बाबांनी तीच मागून घेतली आणि खाल्ली.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मला युन आवडतो. त्यानं "थांबू का?" असं विचारलं आणि मी "थांब" म्हटलं. तो अमडापूरचा माणूस चांगला असेल, पण त्याला मला बघायला आपल्या घरात बसवू नका. लोक बाहेरचा म्हणतील, मामा तर पहिले म्हणतील. पण कोरियन लोकांचे घरचे आकडे नव्व्याण्णवलाच संपतात बरं! शंभराला बाहेरचा घ्यावाच लागतो, आणि त्यानं कोणाची भाषा बुडाली नाही. मी आपल्यातलं घर एकदा करून पाहिलं. ते कसं निघालं, तू डोळ्यांनी पाहिलंस. मला न्यायला तूच आला होतास.

आता आजचं सांगते. सकाळी बाबा वर्षाची ज्वारी कणगीत भरायला बसले. युन पोतं धरून उभा. बाबांनी पायली हातात घेतली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "औंदा किती मानसायचं धरू वं?"

मी गेले तर बाबा एकटेच, हे त्यांनाही माहीत, मलाही. युननं मान खाली घातली होती.

मी म्हटलं, "सेत."

बाबा रोज ओट्यावर बसून आमचं अंडी मोजणं ऐकतात. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. युनच्या हातातलं पोतं कलंडलं, ज्वारी घरभर झाली. "अरे धर ना बे नीट, युनाजी!" बाबा ओरडले. मग पायली काठोकाठ भरली, कणगीत ओतली आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"

मामांना 'नाही' कळवायचं काम तुझ्याकडे. हे पत्र मिळेल त्याच दिवशीच्या टपालानं कळव.

तुझ्या येण्याची वाट पाहणारी (होकाराची नाही, तो मी धरूनच चालले आहे),
सिंधू