सुनेकडून आलेलं थोडंसं

चिरंजीवास,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, तरी सवयीने लिहिते. तुझी पोर आज डॉक्टरीणबाईंच्या कोटावर ओकली आणि वर खुदकन हसली. मला इतका आनंद झालाय, की तुझ्यावरचा राग दुप्पट झालाय.

तिच्या अंगात ते एन्झाइम की काय ते कमी आहे, असं कळलं तेव्हा तू बायकोला म्हणालास, "तुझ्या माहेरची देणगी आहे, तूच निस्तर." आणि बॅग भरून चालता झालास.

आता ऐक. जनुकांची तपासणी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बिघाड दोघांकडून एकेक आलाय. बापाकडच्या जनुकातून एन्झाइम अजिबात बनत नाही, आईकडच्यातून थोडं बनतं. आजार किती जड, ते दोन्हींतल्या सौम्य बिघाडावरून ठरतं. आमचा अंदाज आहे, आईकडच्या थोडक्यावर हिचं निभेल. पथ्य मात्र पाळायचं."

"म्हणजे बापाकडून शून्य?"

"या बाबतीत शून्य."

"बाई, बाकीच्या बाबतीतही तेच!"

सून पोट धरून हसली, मग तिथेच रडली.

वाटेत म्हणाली, "आई, ह्यांना कळवायचं?"

कळवलं तर धावत येशील, मी ओळखते तुला. पण मेल्या, बरी पोर खेळवायला शेजारीणसुद्धा येते. म्हणून हे पत्र टाकणार नाही. पोर फार आजारी आहे असं समजूनही आलास, तर दार मीच उघडीन.

तुझी, पण सध्या सुनेची,
आई